धाकटीचं औषध

अक्का, दहाव्याला कावळा पहिल्याच झटक्याला शिवला. भटजींनी पिंड ठेवून हात मागे घेतला न घेतला तोच तो उतरला, भातावर चोच मारली आणि गेला. बायका पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "समाधानानं गेली. मागं काय ठिवलंच न्हाई." मला मात्र तुमचा असा राग आला, की हातातला तांब्या आपटावासा वाटला. कावळा अडला की घरच्यांनी पुढं होऊन काहीतरी कबूल करायचं असतं. मी आदल्या संध्याकाळपासून माझं वाक्य पाठ करून आले होते. थोरल्या दिरांसमोर, दादांसमोर, सगळ्या भावकीसमोर मोठ्यानं म्हणणार होते. तुम्ही तेवढीही सवड दिली नाहीत. जन्मभर कुठं वेळेवर पोचला नाहीत, लग्नाला अक्षता संपल्यावर आणि एसटीला ती सुटल्यावर, आणि नेमकी याच वेळी घाई केलीत.

ते वाक्य इथं लिहिते. कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "या बाई जुलाब होण्याचं काही घेतात का? घरगुती, गावठी, काहीही?" आणि मी म्हणाले, नाही. ते खोटं होतं. खोटं आहे हे मला माहीत नव्हतं, पण तुम्हाला माहीत होतं. तुम्ही हातभर अंतरावर पलंगावर जाग्या होतात. माझ्याकडे बघत होतात. तुम्ही गप्प राहिलात आणि तिसऱ्या दिवशी गेलात. का गप्प राहिलात, एवढंच मला तुमच्याकडून हवं होतं. मला वाचवलंत की माझा सूड घेतलात? बाकीचं रडणं मी माझं माझं उरकलं असतं.

बावीस वर्षं आपण जावा. तुम्ही राजूरकडच्या, डोंगरातल्या, हिरड्याच्या पोत्यांवर बसून लहानाची मोठी झालेली पोर. आमच्या कर्जतच्या फोफाट्यात तुम्हाला आणून टाकलं, तेव्हा ओळखीचं एक झाड भेटेना. बांधावर होती ती फक्त कोरफड. मग डोंगरातली सगळी विद्या तुम्ही त्या एकाच झाडात कोंबलीत. मी आले ती औषधशास्त्राची पदवी घेऊन. दुसऱ्याच दिवशी चुलीपुढं तुम्ही विचारलंत, "औषधाचं शिकली म्हनं तू. मंजी दुकानात पुड्या बांधायचं?" मी म्हणाले, "नाही, पुड्या बांधणाऱ्यांना शिकवायचं." सासूबाई हसल्या. तुम्ही भाकरी उलटलीत. तिथंच आपलं ठरलं, की एकमेकींना सोडायचं नाही.

पुढं मला नगरच्या फार्मसी कॉलेजात नोकरी लागली, आम्ही नगरला गेलो आणि शनिवार-रविवार वस्तीवर येत राहिलो. नगरच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला तुम्ही मुळासकट उपटलेली कोरफड घेऊन आलात आणि स्टुलावर चढून दाराच्या चौकटीला उलटी टांगलीत. नजर लागू नये म्हणून. तुम्ही गेल्यावर मी ती काढून मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशिनच्या वर लटकवली, कॉलेजातल्या बायकांना दिसायला नको म्हणून. तुम्ही पुढच्या खेपेला आलात, दाराकडे एकदा वर पाहिलंत, आणि "पानी दे" म्हणालात. ती मात्र माती नाही, पाणी नाही, तरी तिथं फुटत राहिली. ती कशी जगते हे मी वर्गात शिकवते. टिकवून मात्र तुम्ही ठेवलीत, कारण माझ्या नकळत तिच्यावर पाणी मारून जायचात.

आमच्या मुक्ताचा हात आठवतो? चार वर्षांची होती. चुलीवरून उतरवलेलं दूध तिनं स्वतःवर ओढलं. मी नुसती किंचाळत राहिले, पदवी आणि नोकरीसकट. तुम्ही तिला उचलून रांजणाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातलात, बांधावरून पान आणलंत, निथळवून, धुऊन, उभं चिरून गराच्या बाजूनं हातावर ठेवलंत. मी ते ओढून फेकलं. "घाण कसली लावताय पोरीला?" असं मी म्हणाले, आणि तुमच्या हाताला ढकललं. कर्जतला डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी मलम दिलं. तुम्ही माझ्यामागं रोज दुपारी तिच्या हाताला गर लावत होतात, हे मला मुक्तानंच सांगितलं. हातावर आज एक डाग नाही. मी सगळ्यांना सांगितलं, मलमानं बरं झालं. त्याच आठवड्यात वर्गात मी शिकवत होते की साध्या भाजण्यावर कोरफडीच्या गराचा उपयोग होतो, जखम लवकर भरते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलेलं आहे. पोरं लिहून घेत होती. तुम्हाला हे सांगायला मला सतरा वर्षं वेळ झाला नाही.

बरं, तुम्हीही काही साध्या नव्हतात. रविवारी सकाळी आपल्या ओट्यावर बाया जमायच्या आणि तुम्ही पाटावर बसून देवीसारख्या पानं वाटायचात. भाजलं, कोरफड. खोकला, कोरफड आणि मध. केस गळतात, गुडघे दुखतात, साखर वाढली, पाळी थांबली, सगळ्याला कोरफड. आणि मी अंगणातून गेले की मुद्दाम आवाज चढवून, "ह्ये कालिजात न्हाई शिकवत बरं का." बाया हसायच्या. मी आत जाऊन भांडी आदळायची. साखरेचं अजून धड सिद्ध झालेलं नाही, गुडघ्यांचं तर काहीच नाही, पोटात घ्यायचं तर जपून घ्यायचं असतं, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं. तुम्ही म्हणायचात, "तुजं शिद्ध व्हईपतूर मानूस थांबतंय का?"

मग एकदा मला माझी संधी मिळाली. समोरच्या वस्तीवरल्या हौसाबाईला तुम्ही पान सालीसकट वाटून प्यायला दिलंत. भाजल्यावर लावायचं पान तुम्ही धुऊन घ्यायचात, पण पोटात द्यायचं म्हटलं की सगळं तसंच, कारण तुमच्या लेखी सगळी दुखणी पोटात सुरू होत आणि पोट झाडून काढलं की संपत. हौसाबाई दोन दिवस परसाकडून हलली नाही. मी रविवारपर्यंत थांबले. मुद्दाम थांबले. ओटा भरल्यावर सगळ्यांपुढं तुम्हाला म्हणाले, "अक्का, माणसं मारायची आहेत का? गर आणि चीक यातला फरक तुम्हाला माहीत नाही आणि औषधं वाटताय?"

तुमचा चेहरा मी पाहिला. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

मग मी बैठक मारून शिकवलं. पान बुडातून कापायचं. कापलेली बाजू खाली करून ताटलीत तिरपं उभं करायचं. सालीखालचा पिवळा चीक तासभर निथळू द्यायचा. तीन पाण्यांनी धुवायचं, साल तासून काढायची, पिवळेपणाचा थेंब राहता कामा नये, आणि आतला पांढरा गर तेवढाच घ्यायचा. आणि मग, एवढ्यानं माझं पोट भरलं नाही म्हणून, वर म्हणाले, "तसा गर म्हणजे बहुतेक पाणीच असतो म्हणा. तुम्ही इतकी वर्षं लोकांना पाणीच वाटताय. खरा जोर आहे तो या पिवळ्यात."

"मंग ह्येचं काय करायचं?" ताटलीकडं बघत तुम्ही विचारलंत.

"फेकायचं."

"जोर ह्येच्यात हाय म्हन्ती, आन ह्येच फेकू?"

"जोर आहे म्हणूनच फेकायचं, अक्का. जुलाब होतात त्यानं. आतडी सोलून निघतात."

तुम्ही "बरं" म्हणालात. तुमचं ते "बरं" मला बावीस वर्षांत कळलं नाही. तुम्ही कबूल झालात की तुमच्यापुरता विषय संपला, हे त्यावरून कधी ओळखता यायचं नाही. आपल्या घरात ताकाचं पाणी भाकरीच्या पिठात जातं, जुन्या लुगड्याची गोधडी आणि गोधडीची पोतेरी होतात. अशा घरातल्या बाईला मी सांगत होते, की ज्यात जोर आहे ते फेकून द्या. आणि मला वाटलं, शिकवून झालं.

त्यानंतर तुम्ही पान माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं साफ करायला लागलात. इतकं चांगलं, की कॉलेजात कार्यशाळा ठरली तेव्हा मी प्राचार्यांना म्हणाले, मी एका अनुभवी बाईंना घेऊन येते. तुम्ही हिरवं इरकल नेसून, तुमची ताटली आणि तुमची सुरी फडक्यात बांधून गाडीत येऊन बसलात. नगर येईपर्यंत तीनदा विचारलंत, "काय बोलायचं न्हाई ना मला?" सभागृह भरलेलं होतं. मी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "या आमच्या गावाकडच्या एक बाई. आपल्याला पारंपरिक पद्धत दाखवतील." प्राचार्यांनी नाव विचारलं. मी म्हणाले, "सगळे अक्काच म्हणतात."

का म्हणाले? मला लाज वाटली. तुमच्या काळ्या दातांची, मिश्रीच्या वासाची, भेगाळलेल्या टाचांची. ही माझी सख्खी जाऊ आहे असं म्हटलं असतं, तर मी त्या घरातली ठरले असते. तुम्ही पान उभं केलंत, चीक निथळला, टाळ्या पडल्या. एका मुलीनं विचारलं, "आजी, हा चीक टाकून देता?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "म्याडम म्हन्त्यात टाका." सगळे हसले. मीही हसले.

परतताना मिरजगावला चहाला थांबलो. तुम्ही बशीत चहा ओतलात, फुंकर मारलीत, आणि बशीतच बघत म्हणालात, "गावाकडची बाई, व्हय?"

"अक्का, तिथं नाती सांगत नाहीत. कामाची जागा असते ती."

"बरं."

त्या विषयावर तुम्ही परत कधी बोलला नाहीत. मी सहा महिने वाट पाहिली, की तुम्ही भांडाल. चार बायकांत टोमणा माराल, दादांकडं चुगली कराल. मी उत्तरं तयार ठेवली होती. ती सगळी माझ्याकडंच राहिली.

मग तुमचे पाय सुजायला लागले, दम लागायला लागला. कर्जतच्या डॉक्टरांनी हृदयाची गोळी दिली आणि लघवीची गोळी दिली. मी रविवारी येऊन डब्यांवर सूर्य आणि चंद्र काढून ठेवले, सकाळची कुठली आणि संध्याकाळची कुठली. ऐटीत. घरात औषधाचं माणूस असल्यावर कसं व्यवस्थित होतं, हे मी सगळ्यांना ऐकवलं. महिन्याभरानं तुमचा फोन आला, "धाकटे, पायात गोळे येत्यात गं लई. हातातनं तांब्या सुटतोय." मी उत्तरपत्रिका तपासत होते. म्हणाले, "केळं खात जा रोज एक." अक्का, उत्तर अर्धं बरोबर होतं, याचंच मला जास्त वाईट वाटतं. अंगातलं पोटॅशियम उतरलं की गोळे येतात, आणि केळ्यात ते असतं. ते का उतरतंय, एवढं विचारायला एक मिनिट लागलं असतं. माझ्यासमोर चाळीस उत्तरपत्रिका होत्या.

तुम्हाला दवाखान्यात भरती केलं, तेव्हा त्या तरुण डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पोटॅशियम फार खाली गेलंय, त्यामुळं हृदयाचे ठोके चुकतायत. सलाईनमधून भरतोय, पण भरलेलं टिकत नाहीये, कुठूनतरी जातंय. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. मी काय उत्तर दिलं ते शब्दन्‌शब्द आठवतं. म्हणाले, "नाही. आमच्या घरात सगळी औषधं माझ्या नजरेखालून जातात. मी फार्मसी शिकवते." ते जरा ओशाळले. नर्स बाजूला उभी होती, दादा दाराशी होते. तुम्ही जाग्या होतात. जायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही कमरेच्या पिशवीतून मिश्रीची डबी काढलीत, तेव्हा मी तुमच्यावर खेकसले, "निदान इथं तरी मिश्री लावू नका. शोभत नाही." तुम्ही डबी मुठीत घेतलीत आणि तोंड भिंतीकडं केलंत. तुमच्याशी मी बोललेलं शेवटचं वाक्य ते. शोभत नाही.

नवव्या दिवशी मी दवाखान्यातून आलेली तुमची पिशवी उघडली, लुगडी वाटून टाकायची म्हणून. डबी हाताला लागली. आत मिश्री नव्हती. हरभऱ्याएवढ्या गोळ्या होत्या, काळपट, चकचकीत, नखानं दाबली की फुटणाऱ्या. मी एक जिभेला लावली आणि थुंकले. कोरफडीचा वाळवलेला चीक. काळाबोळ. माझ्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत तो ठेवलेला असतो आणि दर वर्षी मी तो मुलांच्या हातात देते. बरणीवर नाव लिहिलेलं असतं, म्हणून मला तो ओळखता येतो, हे त्या दिवशी समजलं. मग मी मागं गेले. गोठ्याच्या पत्र्यावर तुमची ताटली होती, तळाला पिवळ्याचा काळा झालेला थर घेऊन. रविवारच्या सगळ्या पानांचा चीक. गर लोकांना वाटलात, आणि जोर उन्हात वाळवून स्वतःला ठेवलात.

तुमचा हिशेब मला लगेच कळला. मी तुम्हाला ओळखते. लघवीच्या गोळीनं अंगातलं पाणी काढायचं तर ह्यानं आणखी काढू, सूज लवकर उतरेल. दोन्ही बाजूंनी तुम्ही अंगातला क्षार वाहवून टाकलात, आणि तो उतरला की हृदयाची गोळीच हृदयावर उलटते. वर वॉर्डात पडल्या पडल्या, एका हाताला सलाईन आणि दुसऱ्या हातानं डबीतली गोळी. हा प्रश्न मी परीक्षेत घातलेला आहे, अक्का. दहा गुणांना.

पहिली भावना कोणती आली तेही सांगते, नाहीतर या लिहिण्याला काही अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. चूक तुमची होती. मी फेका म्हणाले होते, साक्षीला अख्खा ओटा होता. मूर्ख बाई, हट्टी, अडाणी, स्वतःला वैदू समजणारी, असं मी गोठ्यात उभी राहून मोठ्यानं म्हणाले. म्हशीनं कान हलवले. डबी परसात पुरली असती तर कुणाला कळलं नसतं. आणि मग तुमचे डोळे आठवले, डॉक्टरांना मी नाही म्हणत असतानाचे.

म्हणून ते वाक्य पाठ केलं, आणि कावळ्यानं ते बोलू दिलं नाही.

दहाव्याच्या संध्याकाळी दादा ओट्यावर बसले होते, डोक्याचा गोटा केलेला, एकदम म्हातारे दिसत होते. मला म्हणाले, "तिच्या पिशवीत डबी घावली का गं? माज्या गोळ्या संपल्यात."

"कसल्या गोळ्या?"

"तुज्याच की. धाकटीचं औषध."

दादा सांगत राहिले, अगदी साधेपणानं. तुम्ही रोज सकाळी एक गोळी त्यांनाही द्यायचात. पोट साफ होत नाही अशा बायांनाही पुडी बांधून द्यायचात. आणि प्रत्येकीला सांगायचात, "ह्ये माजं न्हवं. आमच्या धाकटीनं शिकवलंय. नगरला कालिजात मोठ्या मोठ्या पोरान्ला शिकवती ती." मी तुम्हाला सभागृहात नाव दिलं नाही. तुम्ही गावभर माझं नाव वाटत होतात, पुडीत बांधून.

"दादा, तुम्हाला माहीत होतं, तर डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"मी तिला म्हन्लो, सांगू का. मला वाटलं तुज्या नोकरीचा काय तरी नेम आसंल, म्हनून तू न्हाई म्हन्ली. तर तिनं डोळं वटारलं. म्हन्ली, 'धाकटी न्हाई म्हन्लीय डाक्टरापुढं. आता चारचौघांत तिला खोटं पाडायचं का?'"

झालं. मिळालं मला उत्तर. अक्का, सूड असता तर मी पेलला असता, त्याची माझी तयारी होती. तुम्ही माझी लाज राखलीत. कुणापुढं? ज्याला माझं तोंडही आता आठवत नसेल अशा एका डॉक्टरपुढं, आणि सलाईनची बाटली बदलून गेलेल्या एका नर्सपुढं. त्यासाठी मेलात. एवढं स्वस्त असतं का हो कुणी? मला खोटं पाडायचं होतं तुम्ही. आयुष्यभर रोज पाडत होतात की, चुलीपुढं, ओट्यावर, बायांच्या घोळक्यात. एका नेमक्या दिवशी मोठेपण सुचलं तुम्हाला! मी तुमच्यावर कधी एवढी चिडले नव्हते. आणि तुमच्या मांडीवर डोकं ठेवावं असंही कधी वाटलं नव्हतं, ते त्या संध्याकाळी वाटलं. ओट्यावर तुमचा पाट अजून तसाच होता. त्यावर बसायची हिंमत झाली नाही.

दादांच्या गोळ्या बंद केल्या. अकराव्या दिवशी सकाळी पुड्या गोळा करायला निघाले. पहिलं घर हौसाबाईचं. माझं तोंड पुन्हा माझ्या वळणावर गेलं. म्हणाले, "अक्कांची चूक झाली, हौसाबाई. त्यांना कळलं नाही. त्या गोळ्या चांगल्या नाहीत, द्या मला." हौसाबाई आत गेल्या, पुडी आणली, माझ्या हातात ठेवली आणि हात सोडला नाही.

"तिला कळलं न्हाई म्हन्ती? मरून धाच दिस झालं तिला. ती तर तुजं नाव घेत हुती." आणि मग, शांतपणे, "मला जुलाब झालं तवा माज्या दारात येऊन पाया पडली हुती ती. तू आलीस का कदी कुनाच्या दारात?"

दुसऱ्या घरापासून मी सांगायला लागले, गोळ्या माझ्या आहेत. मी अर्धवट शिकवलं. त्या घेऊ नका, ज्यांनी घेतल्या त्यांनी कर्जतला जाऊन रक्त तपासून घ्या. कुणी पाणी विचारलं, कुणी नाही. एकीनं पुडी देताना विचारलं, "मंग आक्का तुज्या गोळ्यांनी गेली व्हय?" मी हो म्हणाले. ती बराच वेळ माझ्या चपलांकडं बघत राहिली.

शेवटचं घर कॅनॉलपलीकडचं. नवीन लग्न होऊन आलेली पोर, खांद्याला तान्हं बाळ. ती मला ओळखत नव्हती. बाळंतपणानंतर पोट जड होतं म्हणून तुम्ही तिला पुडी दिली होती. अंगावर पाजत असताना हा चीक पोटात जाणं बरं नव्हे, हे मी तिला समजावून सांगायला लागले. ती ऐकेना. पुडी मुठीत घट्ट धरून म्हणाली, "आक्कानं दिलीया मला. मला गुन आलाय. तुमी कोन मागनाऱ्या? तुमी कोन त्यांच्या?"

"त्यांचं नाव यमुना," मी म्हणाले. "यमुना माझी सख्खी थोरली जाऊ. आणि ती याच गोळ्यांनी गेली. गोळ्या तिच्या नाहीत, माझ्या आहेत. धाकटी मीच."

तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. पुडी माझ्या हातात दिली नाही. उंबऱ्याबाहेर मातीत टाकली आणि दार लावून घेतलं. आत कडी घातल्याचा आवाज आला. मी वाकून पुडी उचलली.

आज तुमचं तेरावं. ओट्यावर पंगत बसली आहे. हौसाबाई वाढतायत आणि माझ्या पानावरून पुढं जातायत. झालं मनासारखं, अक्का? म्हणा की आता, "बरं."